नववीत गणित अडलं : शिकवणी लावताना काय बघावं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी नववीत, सेमी इंग्रजीला. आठवीपर्यंत गणितात चांगली श्रेणी होती, या सहामाहीला नापास झाली. विज्ञानात कशीबशी पास आहे. घरी तेलुगू बोलतात. ते स्वतः टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत, पत्नी विड्या वळतात, अभ्यास घेणं दोघांनाही जमत नाही. शेजारी म्हणतात मोठ्या क्लासला घाला, एक नातेवाईक कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची घरगुती शिकवणी सुचवतात, आणि वर्गातल्या काही मुली शाळेतल्याच सरांकडे जातात. कुठं घालावं, विज्ञानाची वेगळी शिकवणी लागेल का, आणि तिला अकरावीला सायन्स घ्यायचं आहे ते जमेल का, असे तीन प्रश्न आहेत.

दादा, मी जुळे सोलापुरात आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते, त्याआधी बरीच वर्षं शाळेत शिकवत होते. दर दिवाळीनंतर तुमच्यासारखे पालक येतात. सहामाहीचा निकाल हातात असतो आणि क्लास कुठला लावू एवढंच विचारायचं असतं. मी आधी उत्तरपत्रिका मागते. किती मार्क पडले यापेक्षा ते कुठं गेले हे मला बघायचं असतं. तुमच्या मुलीची उत्तरपत्रिका माझ्यासमोर नाही, तरी एक सांगते : नववीत अचानक घसरलेल्या बहुतेक मुलांचं दुखणं नववीचं नसतं. ते पाचवी ते सातवीत कुठंतरी सुरू झालेलं असतं आणि नववीत उघडं पडतं.

आठवीपर्यंत मुख्यतः आकारिक आणि संकलित मूल्यमापन असतं. त्यात तोंडी काम, प्रकल्प, वर्गकार्य, चाचण्या हे सगळं एकत्र होऊन श्रेणी मिळते. वही नीटनेटकी ठेवणारी, वर्गात शांत बसणारी मुलगी अपूर्णांकात कच्ची असली तरी चांगली श्रेणी घेऊन वर जाते. नववीत गणिताची दोन पुस्तकं होतात. बीजगणितात संच झाले की वास्तव संख्या, लगेच बहुपदी. बहुपदीचा भागाकार शिकवताना कंस, चिन्हं आणि अपूर्णांक मुलांना येतात असं धरूनच सर फळ्यावर पुढं जातात. भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता येते आणि प्रत्येक पायरीपुढं कारण लिहावं लागतं. मागावर ताण्याचा धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारावी लागते, तसंच विणत गेलं तर ती रेघ कापडभर उतरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरीचा धागा कुठं तुटलाय ते आधी शोधायचं. क्लासचं नंतर बघू.

हे तुम्हाला घरीही शोधता येईल, त्यासाठी तुम्हाला गणित यायची गरज नाही. एखाद्या संध्याकाळी टीव्ही बंद करून तिला एका कोऱ्या कागदावर ही गणितं घालून द्या. ३/४ + २/५ किती. उणे ७ मधून उणे ३ वजा केले तर किती. ०.३ ला ०.२ ने गुणलं तर किती. ४५० चे १२ टक्के किती. एक काम ५ माणसं १२ दिवसांत करतात, तेच काम ६ माणसांना किती दिवस लागतील. २क्ष − ३(क्ष − ४) = ७ तर क्ष किती. आणि शेवटचं शब्दांत : आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ सेंटीमीटरनं जास्त आहे, परिमिती ३६ सेंटीमीटर आहे, तर लांबी-रुंदी काढ. उत्तरं क्रमानं अशी : २३/२०, उणे ४, ०.०६, ५४, १० दिवस, ५, आणि शेवटच्यात लांबी १३, रुंदी ५. घड्याळ लावू नका. खोडरबर देऊ नका, चुकलं तर एक रेघ मारून खाली लिही म्हणा. रागवायचं तर अजिबात नाही, नाहीतर उद्यापासून ती कागद लपवायला लागेल.

हा कागद कसा वाचायचा ते एका वहीवरून सांगते. माझ्याकडे येणारी एक मुलगी, हीही नववीचीच, ३/४ + २/५ चं उत्तर ५/९ लिहायची. वरचे वर, खालचे खाली. मी चूक की बरोबर काहीच म्हटलं नाही. तिला एक भाकरी काढायला लावली, तिचे चार भाग करून तीन रंगवायला लावले. मग दुसरी भाकरी काढून तिचे नऊ भाग करून पाच रंगवायला लावले. दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावर ती बघतच बसली. पहिल्यात जास्त रंगलंय! म्हणजे पाऊण भाकरीत आणखी भर घातली आणि भाकरी कमी झाली? तिथं तिचं तिलाच कळलं की काहीतरी बिनसलंय. छेद समान का करायचे हे त्यानंतर दहा मिनिटांत झालं. तोच नियम तिला चौथी-पाचवीपासून कितीतरी वेळा सांगून झालेला असणार. पण उत्तर पटण्यासारखं आहे का, हे स्वतः तपासायला तिला कुणी बसवलं नव्हतं.

क्ष असलेल्या गणितात तिची दुसरी पायरी होती २क्ष − ३क्ष − १२ = ७. उणे तीननं कंसातल्या उणे चारला गुणलं तर अधिक बारा होतात, तिनं उणे लिहिले, म्हणून उत्तर आलं उणे १९. मला म्हणाली, "बाई, येतंय ओ, चिन्हच चुकलं फक्त." हे "फक्त" मी रोज ऐकते. मग मी उणे १९ मूळ समीकरणात घालून बघायला सांगितलं. डावी बाजू ३१ आली, यायला हवे होते ७. पडताळा घ्यायची सवय लागली की मूल परीक्षेच्या खोलीतही आपली चूक आपण धरू शकतं, तिथं बाई नसतात. आठवीनववीच्या मुलांना मी दुसरं काही शिकवलं नाही तरी चालेल, पण प्रत्येक समीकरणाखाली पडताळ्याच्या दोन ओळी लिहायला लावते. सुरुवातीला कंटाळतात. महिन्याभरानं न सांगता लिहायला लागतात.

तुमच्या मुलीच्या कागदावर पहिल्या चार गणितांत चुका असतील तर तिला नववीचा क्लास लावून आत्ता काही उपयोग नाही. तिला दीड-दोन महिने अपूर्णांक, दशांश, चिन्हं, शेकडेवारी आणि कंस, एवढंच रोज थोडं थोडं करून घेणारं कुणीतरी हवंय. पहिली सहा बरोबर आणि शेवटचं अडलं, तर हिशोब येतो पण वाचलेल्याचं समीकरण मांडता येत नाही, त्याचा इलाज वेगळा, त्यावर भाषेबद्दल बोलताना येते. आणि सगळीच बरोबर आली, तर मात्र तिला सराव कमी पडतोय किंवा पेपर बघून घाबरतेय. अशा मुलीला चांगल्या मोठ्या क्लासचा फायदा होतो.

आता तुमचे तीन पर्याय.

मोठा क्लास वाईट असतो असं मी म्हणणार नाही. जिचा पाया बरा आहे तिला तिथं भरपूर सराव मिळतो, वेळ लावून पेपर सोडवायला मिळतात, बरोबरीच्या मुलांची चुरस मिळते. पण साठ-सत्तर मुलांच्या बॅचमध्ये सरांची नजर पहिल्या दोन बाकांपलीकडे जात नाही, आणि तुमच्या मुलीसारखी अडलेली, त्यात जरा बुजरी मुलगी मागं बसून फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून आणते. वही बघून आईवडिलांना वाटतं, अभ्यास चाललाय. फळ्यावरून उतरवलेलं गणित त्या मुलीनं सोडवलेलं नसतं. क्लास बघायला जाल तेव्हा तासभर मागं बसू द्या म्हणा आणि शिकवणाऱ्याऐवजी मुलांकडे बघा. त्या तासात मुलांनी स्वतः किती वेळ गणित केलं? सर किंवा मॅडम बाकांमधून फिरून कुणाच्या वहीत डोकावले का? कुणी चुकीचं उत्तर दिल्यावर काय झालं, हशा झाला की "हे कसं काढलंस ते सांग" असं विचारलं गेलं? तासभर बसू द्यायलाच नकार मिळाला तर तिथून परत या.

पैशाचं इथंच सांगून टाकते. वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची द्या, फार तर तिमाहीची, आणि पावती घ्या. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढून राज्यांना पाठवल्या. ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठीच्या या सूचनांत, मुलानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी, गुणांची किंवा रँकची हमी देऊ नये, शिक्षक निदान पदवीधर असावेत असं आहे. १६ वर्षांखालच्या मुलांना अशा केंद्रांत प्रवेशच देऊ नये, असंही त्यात आहे. गावोगाव नववी-दहावीच्या मोठ्या बॅचेस भरतात हे आपण बघतोच. तरी "पंचाण्णवची गॅरंटी" असा फलक दिसला तर एवढं लक्षात ठेवा की सरकारनंच ते करू नका म्हणून सांगितलंय.

शाळेतल्या सरांकडे पाठवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम २८ प्रमाणे शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवण्या घेता येत नाहीत. शिवाय जे वर्गात समजलं नाही ते त्याच सरांकडून, त्याच पद्धतीनं, संध्याकाळी पैसे देऊन ऐकायचं, याला अर्थ नाही. सरांकडे न गेल्यानं तिचे अंतर्गत गुण कापले जातील अशी भीती वाटत असेल तर ती पोटात ठेवू नका, पालकसभेत मुख्याध्यापकांना सरळ विचारा. वर्गात काही समजलं नाही तर मधल्या सुट्टीत सरांना विचारायचा तिचा हक्क आहे. तो फुकट आहे आणि बहुतेक शिक्षक आनंदानं सांगतात. मुलींना विचारायची लाज वाटते, म्हणून मी माझ्या मुलींना प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यायला लावते.

राहिला कॉलेजचा मुलगा. तुमच्या मुलीची आजची अवस्था बघता मला हा पर्याय सगळ्यात बरा वाटतो, पण मुलगा असो की मुलगी, नीट पारखून घ्या. दयानंद, संगमेश्वर, वालचंद या कॉलेजांत बीएस्सी करणारी, स्वतः मराठी किंवा तेलुगू घरातून आलेली, सेमीत शिकलेली कितीतरी मुलं आपल्याकडे आहेत. त्यांना नववीत आपण कुठं अडलो होतो ते अजून आठवत असतं. त्यांची फी परवडते. तुमच्या गल्लीतली एखादी ताई मिळाली तर फारच छान, रात्री उशिरा येण्याजाण्याची काळजी नाही. आणखी दोन-तीन मुली मिळून बसवा, पाचच्या वर नको. एकटीला शिकवलं की मूल प्रत्येक पायरीला शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागतं. तिघी-चौघी असल्या की एक दुसरीला समजावते, आणि समजावताना तिचं स्वतःचं पक्कं होतं.

पारखायचं कसं? वरचा कागद त्याच्यापुढं ठेवा आणि विचारा, ही कुठं चुकतेय. जो चुका बघून "उणे चिन्ह आणि अपूर्णांक कच्चे आहेत, आधी ते घेऊ" म्हणेल त्याला ठेवा. "काही नाही काका, महिन्यात पोर्शन संपवतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. पहिला महिना आठवड्यातून चार दिवस, एक-एक तास. महिनाअखेरीस त्याच सात गणितांसारखी दुसरी सात, आकडे बदलून, तुम्ही स्वतः घाला. शाळेच्या चाचणीचे मार्क इतक्या लवकर वाढणार नाहीत, त्यावरून पारख करू नका. पण त्या सातांत फरक दिसलाच पाहिजे. तो दिसला नाही तर शिकवणी बदला, भिडेला बळी पडू नका.

भाषेचं थोडं सविस्तर सांगते, कारण सोलापुरात आणि त्यातही पूर्व भागात हा प्रश्न मोठा आहे आणि मार्कांच्या नावाखाली तो झाकला जातो. तुमची मुलगी घरी तेलुगू बोलते, मैत्रिणींशी मराठी, आणि गणित-विज्ञान वाचते इंग्रजीत. डोक्यात तीन भाषा असणं ही तिची कमजोरी मुळीच नाही. पण शब्दातलं गणित आलं की ती इंग्रजी वाक्य ओळखीच्या शब्दांवरून चाळते, आकडे उचलते आणि दिसेल ती क्रिया करते. म्हणून शिकवणाऱ्यानं एक नियम ठेवावा : गणित वाचायचं, पुस्तक पालथं ठेवायचं, आणि ते तेलुगूत किंवा मराठीत सांगायचं, काय दिलंय आणि काय काढायचंय. सांगता आलं की मग पेन उचलायचा. सुरुवातीला एका गणिताला दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. उत्तर मात्र इंग्रजीतच लिहायचं, कारण बोर्डात तेच लिहायचंय. वहीच्या मागच्या पानांवर रोजचे चार-पाच शब्द लिहून ठेवायचे, इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि एक छोटी आकृती. मराठी माध्यमाचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. सेमीच्या मुलीजवळ धड्यांची दोन्ही पुस्तकं असावीत, एक वाचून कळलं नाही की दुसरं उघडायचं. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलवर स्कॅन केला की त्या पाठाचे व्हिडिओ दिसतात. दहा मिनिटं बघून मोबाईल परत तुमच्या खिशात.

विज्ञानाला वेगळी शिकवणी आत्ता नको. एकाच वेळी दोन शिकवण्या लावल्या की मुलीला स्वतः बसायला वेळच उरत नाही, आणि तिचं गणित सुधारलं की विज्ञानातली गणितंही आपोआप सुधारतात. नववीच्या विज्ञानात गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत हे धडे अडतात ते बहुतेक वेळा सूत्रात किमती घालून अपूर्णांक सोडवता येत नाही म्हणून. बाकीचं विज्ञान बघून, हाताळून आणि बोलून येतं, आणि इथं तुम्ही अभ्यास घेता येत नाही म्हणता ते मला पटत नाही.

कार्य आणि ऊर्जा या धड्यात अश्वशक्ती आहे. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. तुमच्या मागाला किती हॉर्सपॉवरची मोटर आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. एक हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भारावर आठ तास चालली तर सुमारे सहा युनिट वीज जाते : ७४६ गुणिले ८ भागिले १०००. हे गणित तिनं तुम्हाला करून दाखवावं, मग महावितरणचं घरचं बिल घेऊन पंखा, दिवे, मिक्सर यांचा महिन्याचा अंदाज काढावा आणि बिलाशी ताडून बघावा. आम्ल-आम्लारीच्या धड्याला हळदीचं पाणी लावून वाळवलेला कागद पुरतो. साबणाचं पाणी पडलं की लाल होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. का, ते तिला आईला सांगू दे. पुढच्या वर्षी गणितात अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी येईल. २०० रुपयांचे २० टॉवेल म्हणजे ४,००० रुपये, ५ टक्क्यांनी कर २०० रुपये, त्यातले १०० केंद्राचे आणि १०० राज्याचे. अशी पावती तुमच्या कारखान्यातून रोज जाते, एखादी जुनी घरी आणून दाखवा.

त्रिकोणमितीसाठी तर सोलापूरसारखं गाव नाही. होटगी रोडची साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, विमानांच्या वाटेत येते म्हणून. ती नव्वद मीटरच्या आसपास उंच होती. आपण तिच्यापासून एक किलोमीटरवर उभं राहून टोकाकडे बघितलं असतं तर उन्नत कोन, म्हणजे नजर जमिनीपासून जेवढी वर उचलावी लागते तो कोन, किती झाला असता? टॅन म्हणजे उंची भागिले अंतर, इथं ९० भागिले १०००, कोन पाच अंशांच्या जवळपास. एवढासाच! मुलांना हे खरंच वाटत नाही, चिमणी केवढी दिसायची. मग वादावादी होते, कागदावर मापाची आकृती काढतात, कोनमापकानं मोजतात. दुसरं, आपलं अक्षांश १७.७ अंशांच्या आसपास आहे, म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली पायातच नाहीशी होते. २१ मार्चच्या सुमारास मात्र एक मीटर काठीची सावली भर दुपारी ३२ सेंटीमीटरच्या आसपास पडते. गच्चीवर मोजून बघायला लावा, टॅन १७.७ अंशांची किंमत कॅल्क्युलेटरवर काढायला सांगा, जुळलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. सुट्टीत एकदा केगावच्या बाजूच्या विज्ञान केंद्रातही घेऊन जा, तुम्ही दोघंही चला.

रसायनशास्त्रात एक चूक शिकवणाऱ्यानं वेळीच धरायला हवी. समीकरण संतुलित करायला सांगितलं की मुलं पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली दोन लिहून मोकळी होतात. अणू जुळतात खरे, पण ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. सूत्राला हात लावायचा नाही, आकडा सूत्राच्या आधी लिहायचा. शिकवणाऱ्यानं मणी किंवा वेगवेगळ्या रंगांच्या बटणांनी रेणू जुळवून दाखवले तर हे एका बैठकीत बसतं. नुसता नियम पाठ केला तर दहावीपर्यंत चुकत राहतं.

घरी तुम्ही दोघांनी काय करायचं? तिला रोज एक तास ठरलेली जागा आणि शांतता द्या. नळाला पाणी येतं त्या दिवशी मुली हमखास अभ्यासाला मुकतात, कारण भरायचं काम त्यांच्याच वाट्याला येतं. घरात भाऊ असेल तर त्या दिवशी बादल्या त्याच्या हातात द्या. रोज झोपण्याआधी विचारा, "आज कुठलं गणित चुकलं होतं, दाखव." मार्क विचारू नका. चूक दाखवायला तिला भीती वाटत नाही असं घर असलं की शिकवणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की एक संध्याकाळ तिला मोकळी सोडा, त्यानं काही बुडत नाही.

दहावीचं आत्तापासून डोक्यावर घेऊ नका, पण मांडणी ठाऊक असू द्या. बोर्डाचे गणिताचे दोन पेपर, भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुणांचे, दोन तासांचे, आणि २० गुण अंतर्गत. विज्ञानाचंही तसंच. गणिताच्या ४० पैकी ८ गुण एकेका गुणाच्या प्रश्नांचे असतात, आणि कृती म्हणून जे प्रश्न येतात त्यांत सोडवलेल्या गणितातल्या रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. पायऱ्या समजून गणित करणाऱ्या मुलीला हे गुण हातचे असतात, पाठ करणारी तिथंच अडखळते, कारण चौकट नेमकी मधल्या पायरीवर असते. नववीची वार्षिक परीक्षा संपली की दहावीच्या सुट्टीतल्या बॅचेसच्या जाहिराती सुरू होतील. तुमच्या मुलीनं ती सुट्टी आठवीच्या पुस्तकातली बैजिक राशी, समीकरणं आणि चौकोन परत करण्यात घालवावी, असं माझं ठाम मत आहे. जूनमध्ये दहावीचं पहिलं प्रकरण दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचं आहे. पाया पक्का झाला असेल तर ते तिला वर्गातच समजेल. तेव्हा मोठा क्लास लावायचा की नाही हे तिला विचारूनच ठरवा.

अकरावी सायन्सचं उत्तर आज होय किंवा नाही असं देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नववीच्या सहामाहीत नापास झालेल्या आणि पुढं नीट सायन्स केलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. दहावीच्या दिवाळीपर्यंत ती वर्गसमीकरणं, समरूपता आणि विद्युतधारेची गणितं कुणी शेजारी न बसता सोडवत असेल तर खुशाल सायन्स घ्या. तोवर सूत्र आठवून किमती घालण्यापलीकडे जात नसेल, तर अकरावीचं भौतिकशास्त्र आणि गणित तिला फार जड जाईल, आणि ते दुःख तिच्यावर लादू नका. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविकाही आहे, आपल्याकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथं हातानं करून शिकणाऱ्या मुली चांगल्या रुळतात. टेक्स्टाइलमध्येही पदविका असते, तुमच्या घरात त्या कामाची जाण आहेच, तो विषय तिच्यासमोर काढून बघा. या रविवारी आधी ती सात गणितं घाला. कागद बघून काही कळलं नाही तर तिच्या पायऱ्या जशाच्या तशा लिहून मला पाठवा, कुठून सुरुवात करायची ते मी सांगेन.